कप धुवायचा नसतो

बेलिंगहॅम, अमेरिका,
रविवार, २५ मे २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. (बाबा, मायना बरोबर आहे ना? शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितेय.)

आजोबांना फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलच्या पडद्यावरचं दिसत नाही, म्हणून या वेळी कागद. आई, तू ओटीवर बसून मोठ्याने वाचशील. शेवटची दोन पानं तेवढी आधी स्वयंपाकघरात एकटीने वाच आणि मग बाहेर काय वाचायचं ते ठरव. अक्षर जरा वाकडं आलंय, ते टेबल डुगडुगतं म्हणून. मी मजेत आहे.

काम, डबा, थंडी, बस यातलं काही लिहीत नाही. ते रोज फोनवर होतंच. तुमचा खरा प्रश्न बुधवारचा आहे, परक्या म्हाताऱ्यांत जाऊन बसायची काय गरज म्हणून.

तर ऐका. घरमालक आणि त्यांचे पाच मित्र दर बुधवारी सकाळी गॅरेजमध्ये कॉफीला जमतात आणि कामावर जाण्याआधी मी तासभर त्यांच्यात बसते. बाबा, गॅरेज म्हणजे आपल्या नाक्यावरचं नव्हे. घराला लागून गाडी ठेवायची खोली, तिचं शटर सताड उघडं, समोरून अख्खी गल्ली जाते-येते आणि मालकीणबाई दर दहा मिनिटांनी काहीतरी खायला घेऊन येतात. सहा जणांच्या वयांची बेरीज केली तर शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पलीकडे जाते. एकाला काठी लागते, एकाचा हात थरथरतो, दोघांचे कान आजोबांसारखे. यात काळजी करण्यासारखं काय आहे? आत्याला सांग, इंग्रजी सुधारायला जाते म्हणून. आणि एकटी पडलेय म्हणून जाते असंही काही नाही.

घरमालकांना सगळे चीफ म्हणतात. नौदलात चीफ म्हणजे खालून वर चढत आलेला माणूस. साहेब नव्हे, पण साहेबांना सांभाळून घेणारा. मीही चीफच म्हणते. काका म्हणून पाहिलं, त्यांना ते दर वेळी शिंक आल्यासारखं वाटायचं.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगते, कारण मला ती कळायला अख्खा हिवाळा गेला. या लोकांत कॉफीचा कप धुवायचा नसतो. बाहेरून पुसतात. आतून नाही. कॉफी संपली की उरलेला थेंब झटकायचा, फार तर गार पाण्याने एकदा खळबळायचा आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवायचा. साबण नाही, घासणी नाही. असं वर्षानुवर्षं. आतून तो कप चुलीवरच्या टोपाच्या बुडासारखा काळा होतो. जितका काळा तितकी नोकरी जुनी आणि जितकी नोकरी जुनी तितका मान. दुसऱ्याच्या कपाला कोणी बोट लावत नाही. आई, तुझा चेहरा दिसतोय मला. उष्टं म्हणू नकोस, ज्याचा त्याचाच असतो.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी आले त्या पहिल्याच डिसेंबरात मालकीणबाई बहिणीकडे गेल्या होत्या. मला वाटलं, बिचारे एकटे, कप कोण घासून देणार. मी त्यात चिंच आणि मीठ घालून रात्रभर ठेवला, देवाची भांडी उजळतो तसा, आणि सकाळी असा घासला की आतून पांढराशुभ्र निघाला. तळाला एक छोटा निळा नांगर होता. तो इतकी वर्षं कोणाला दिसलाच नव्हता. चीफनी कप हातात घेतला, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत आत बघितलं आणि "थँक यू" म्हणाले. मला वाटलं, खूश झाले. पुढच्या बुधवारी पाचही जण टोप्या काढून कपासमोर माना खाली घालून उभे राहिले, तेव्हा मला कळलं की आपण काहीतरी करून बसलोय. तेहतीस वर्षांचं पुट होतं ते.

कोणी म्हणतं चव मुरते, कोणी म्हणतं बोटीवर गोडं पाणी मोजून मिळायचं त्याची सवय. मला विचाराल तर आजीचा बिडाचा तवा आठवा. घावनांच्या तव्याला कोणी साबण लावला की ती दोन दिवस बोलायची नाही. तेच हे. फक्त तव्यावर घावनं निघतात आणि यांच्या कपातून दर बुधवारी तीच एक नदी निघते.

नदी व्हिएतनाममधली. सायगावपासून दहा-बारा किलोमीटर खाली न्या बे म्हणून जागा आहे, तिथे पाण्याला दोन फाटे फुटतात. लढाईच्या काळात तिथे अमेरिकन नौदलाचा तळ होता. चीफ १९६६ च्या पावसाळ्याच्या अखेरीला तिथे पोचले, वीस वर्षांचे होते, आणि वर्षभर राहिले. समुद्र बघायला मिळेल म्हणून भरती झालेला मुलगा, आणि पदरात पडला चिखल. वर्णन ऐकलं आणि मला आपली खाडीच दिसायला लागली. दिवसातून दोनदा भरती, पाणी दुधाच्या चहासारखं, दोन्ही काठांना कांदळ. चालणारा मासा होता का, असं मी विचारलं, तर चीफनी टेबलावर दोन बोटं नाचवत निवटी चालवून दाखवली. पाऊससुद्धा आपलाच, नैऋत्येचा. फक्त तिथे तो नोव्हेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो.

समुद्रापासून सायगावपर्यंत सत्तरेक किलोमीटरची जहाजांची वाट याच पाण्यातून जाते, लाँग ताऊ नदीतून. एक मोठं जहाज मध्येच बुडालं तर वाट बंद. ऑगस्ट १९६६ मध्ये बॅटन रूज व्हिक्टरी नावाच्या मालवाहू जहाजाखाली सुरुंग फुटला, सात खलाशी गेले. जहाज काठाच्या गाळात जाऊन बसलं म्हणून वाट तेवढी मोकळी राहिली. मग सत्तावन्न फुटी लाकडी लाँची तळाशी आकडे ओढत जायच्या, विहिरीत पडलेल्या घागरीसाठी आपण गळ फिरवतो तशा, सुरुंगांच्या तारा तोडायला. लाकडी अशासाठी, की लोखंड ओळखणारे सुरुंग फसावेत.

आणि तळ म्हणजे चिखलावर भराव टाकून उठवलेल्या बराकी. आठवड्याला मलेरियाची एक गोळी. पगार डॉलरमध्ये नाही, लष्कराच्या वेगळ्या रंगीत नोटांत, खेळातल्या पैशांसारख्या. रात्री धक्क्यावरचा पहारेकरी पाण्यात हातबॉम्ब टाकत राहायचा. ठरलेल्या वेळी नाही, मनात येईल तेव्हा, म्हणजे सुरुंग घेऊन पोहत येणाऱ्याला अंदाज लागू नये. सकाळी पोटं वर करून मासे तरंगायचे. काठीवाले आजोबा म्हणतात, त्यांना अजून माशाचा वास आला की आधी झोप उडते आणि मग भूक लागते.

न्या बे या नावाचा अर्थ तराफ्यावरचं घर. तिथली जुनी गोष्ट अशी आहे की भरतीची वाट बघत अडकून पडणाऱ्या होडीवाल्यांसाठी एका माणसाने पाण्यात तराफे बांधले आणि त्यांवर तांदूळ, गोडं पाणी, रांधायची सोय ठेवली. फुकट. ही गोष्ट यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. मी वाचली आणि मोठ्या हौसेने सांगितली. चीफ बराच वेळ कपात बघत बसले. मग म्हणाले, "आम्ही वर्षभर त्यांच्या होड्या थांबवून तांदळात हात घालत होतो." दिवसभर तेच काम असायचं. होडी थांबवायची, कागद बघायचे, टोपल्या उपसायच्या, शस्त्रं शोधायची. बहुतेक होड्यांत भात, बदकं आणि म्हाताऱ्या बायका. एका बाईने टोपली उपसू दिली आणि मग न बोलता सांडलेला एकेक दाणा वेचत बसली. दुसरं काही झालं नाही, एवढंच. पण ही गोष्ट मी तीनदा ऐकली आहे.

आजोबा, आता तुमचा भाग. आई, हळू वाच. तुम्ही विचारलं होतं, पंखा नसलेली होडी चालते कशी. चीफच्या होडीला पी.बी.आर. म्हणायचे, नदीतल्या गस्तीची होडी. एकतीस फूट, चार माणसं, अंग सगळं फायबरग्लासचं. आत दोनशेवीस अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं. ती पंखा फिरवत नाहीत, पंप फिरवतात. पंप होडीच्या पोटाखालून पाणी ओढतो आणि मागे जोरात फेकतो, त्या धक्क्याने होडी पुढे. वळायचं तर फवाराच वळवायचा. मागे जायचं तर फवाऱ्यापुढे झाकण पाडायचं, पाणी उलटं पुढच्या अंगाला फिरतं. पूर्ण वेगात असताना झाकण पाडलं तर होडी स्वतःच्या दोन-तीन लांब्यांत थांबते आणि उभा माणूस तोंडावर आपटतो. गुडघाभर पाण्यातही जाते. खोड एकच, पंपात गवत अडकतं. चीफ इंजिनवाले, तुमच्यासारखे. सगळे बंदूक धरून काठाकडे बघत असायचे आणि हे खांद्यापर्यंत हात घालून गवत उपसत असायचे. पंप बनवणारं घराणं जकुझी. हो, श्रीमंतांच्या न्हाणीघरातल्या त्या बुडबुड्यांच्या टबाचं नाव त्यांचंच.

आणि या होड्या बनल्या कुठे? इथेच. बेलिंगहॅमला, युनिफ्लाइट नावाच्या कारखान्यात. सहा जणांपैकी पाच नौदलातले आणि सहावे त्या कारखान्यात साचे भरणारे. एकदा चीफच्या होडीला रॉकेट लागलं, ते एका अंगाने आत शिरलं आणि दुसऱ्या अंगाने न फुटताच बाहेर गेलं, कारण फायबरग्लास पडला मऊ, रॉकेटला आपण कशावर तरी आदळलोय हे कळलंच नाही. म्हणून दर बुधवारी किटलीतला पहिला कप सहाव्यांना. सहावे दर वेळी म्हणतात, होडी आम्ही मजबूत बनवायचा प्रयत्न करत होतो.

मालकीणबाईंकडे बुटाच्या खोक्यात वर्षभराची पत्रं आहेत. त्यांना तिकीट नाही. लढाईवरच्या माणसाने पाकिटाच्या कोपऱ्यात हाताने 'फ्री' लिहिलं की टपाल फुकट. (माझ्या पाकिटाला पैसे पडतात, तेव्हा नीट जपून ठेव.) क्वचित फोनही व्हायचा, तो हौशी रेडिओवाल्यांच्या साखळीतून. एका वेळी एकानेच बोलायचं आणि वाक्य संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, मध्ये बसलेला रेडिओवाला सगळं ऐकतोय. नवीन लग्न झालेलं. 'तुझी आठवण येते, ओव्हर.' त्या अजून भांडण संपवताना ओव्हर म्हणतात आणि चीफ खरंच गप्प बसतात.

त्या खोक्यातलं १६ फेब्रुवारी १९६७ चं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. जेवण बरं आहे, बटाटे पुडीतले आहेत, ऊन फार आहे, तुझ्या आईला नमस्कार, काळजीचं काही नाही. त्याच्या आदल्याच दिवशी त्या सुरुंग काढणाऱ्या लाँचींपैकी ४५ नंबरची नदीत फुटून बुडाली होती, आणि चीफची होडी तिथे गेली होती. हे मालकीणबाईंना कळलं वीस वर्षांनी, तेही बाहेरच्या माणसाकडून, एका लग्नात. त्यांनी घरी येऊन पत्र पुढ्यात ठेवलं. चीफ म्हणाले, "पत्र माझ्याबद्दल होतं. मी बरा होतो." यावर अजून त्यांचं भांडण होतं. ओव्हर म्हणूनही मिटत नाही.

थरथरणाऱ्या हाताबद्दल आई तू विचारलं होतंस. तो पार्किन्सन. काठांवरच्या कांदळात लपलेली माणसं उघडी पडावीत म्हणून विमानांतून पानं जाळणारं औषध फवारलं. आपल्याकडे खाडीचं कांदळ तोडलं की लोक बांध फुटेल म्हणून ओरडतात, तिथे कोसच्या कोस मारून टाकलं. ते औषध खालच्या माणसांच्याही अंगावर पडलं. पार्किन्सन, साखर असे बरेच आजार सरकारने आता भरपाईच्या यादीत घेतले आहेत, तिथे होता एवढं दाखवलं की पुरतं. तिथल्या गावांना मात्र कोणती यादी? कांदळ तिथल्या लोकांनी १९७८ पासून हाताने परत लावलं आणि २००० मध्ये त्या कान जोच्या जंगलाला युनेस्कोने राखीव जीवावरण म्हणून मान दिला. काठीवाले आजोबा मध्यंतरी जाऊन आले. तिथे माकडांचं बेट आहे. उतरल्या उतरल्या माकडाने यांच्या तुकडीचं नाव असलेली टोपी पळवली आणि झाडावर जाऊन घातली. ते म्हणतात, बरोबर माणसाकडे गेली.

आजोबा, तुमचाही विषय निघाला. मी म्हटलं, आमच्याकडेही नदीत लढलेली एक बोट आहे, तिचं नाव पनवेल. एस.टी. पनवेलच्या स्टँडात शिरली की तुम्ही सुरू करायचात. १९७१, बांगलादेशची लढाई, कमांडर सामंत, बरोबर पद्मा आणि पलाश या दोन बोटी, मोंगला बंदर करून खुलना, आणि १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी चुकून पद्मा-पलाश बुडवल्या, पनवेल वाचली. एवढं सांगितलं. कोणी हसलं नाही, आपल्याच विमानांचं त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही. मग प्रश्न सुरू झाले. किती खोल पाणी, पाण्यात पडलेली माणसं कोणी उचलली, सामंतांचं पुढे काय झालं. महावीर चक्र मिळालं एवढं सांगितलं आणि गाडी तिथेच थांबली, कारण पनवेल आलं की मी कानात हेडफोन घालायचे. तुम्ही स्वतः गोदीत होतात, पनवेलवरची दोन माणसं तुमच्या ओळखीची होती, एवढंच आठवतं. धाकट्याला सांगा, रोज संध्याकाळी अर्धा तास तुमच्यासमोर मोबाइल ठेवायचा आणि बोलू द्यायचं. त्याला कंटाळा आला तरी उठू देऊ नका.

उद्या इथे लढाईत गेलेल्या सैनिकांचा दिवस असतो. थडग्यांपाशी छोटे झेंडे लावतात. चीफना आता मोतीबिंदूमुळे गाडी चालवता येत नाही, मी नेणार आहे. हो, मला येते. हळू चालवते.

आई, इथून पुढे आधी तू एकटीने वाच.

पैशांचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कमी आले तेव्हा मी बँकेचा घोळ सांगितला होता. बँकेने काही केलं नव्हतं. जानेवारीत पायरीवर बर्फाचा पापुद्रा होता, त्यावरून घसरून उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. विम्याने पुष्कळ उचललं, पण सुरुवातीचे सतराशे डॉलर आपल्याच खिशातून जातात अशी इथली रीत आहे. व्हिडिओवर मी सारखी शाल पांघरून बसायचे आणि तू म्हणायचीस, किती ग थंडी तुमच्याकडे. आता मूठ वळते, पोळी लाटता येते. लिहिताना चार पानं झाली की दुखतं, आणि हे आठवं आहे. टेबल चांगलं आहे. केस मालकीणबाई विंचरून द्यायच्या, हे लिहायला नको होतं बहुतेक. खरं तर यातलं काहीच मी लिहिणार नव्हते. त्यांनी मला खोकं पुढ्यात ठेवून बसवलं आणि म्हणाल्या, तू लिही, नाहीतर पत्ता दे, मी लिहिते.

या वेळी साठ हजार पाठवलेत. चाळीस कौलांना. पाऊस कालच केरळात पोचला, सोळा वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता म्हणे, म्हणजे कौलं परतून झालेली नसणार. बाबा, ताडपत्रीवर भागवू नका आणि स्वतः वर चढू नका. वीस हजार आजोबांच्या कानाच्या यंत्राला. तेवढ्यात येत नाही हे मला माहीत आहे, उरलेले जुलैत.

गणपतीला येणं होत नाही. २७ ऑगस्ट मी कॅलेंडरवर गोल करून ठेवला होता, पण सुट्टी हातापायी संपली. रागावू नका. मखर धाकट्याने मागच्या वर्षीसारखं थर्माकोलचं केलं तर मात्र मी रागावेन.

आत्याने सुचवलेल्या पुण्याच्या मुलाला नाही कळवा. मुलगा चांगला आहे, दोनदा बोललो, दोन्ही वेळा त्याने माझा पगार विचारला आणि मी त्याचा. दुसरं काही सुचेना. आणि थोरलीचं झाल्याशिवाय धाकट्याचं नाही, हे आता सोडा. ती मुलगी तीन वर्षं थांबली आहे. मार्गशीर्षात त्यांचं उरकून घ्या, मी त्याला येते, तिकीट बघून ठेवलंय. लोक विचारतील तर सांगा, करवलीला परदेशातून यायला वेळ लागत होता. बाबा गप्प बसतील. बसू देत दोन दिवस. आई, तिसऱ्या दिवशी तू विषय काढ.

सगळ्यांना नमस्कार. आजीच्या फोटोला माझ्याकडून एक फूल.

तुमची,
थोरली

ता. क. आजोबा, चीफ विचारतायत, पनवेलवर इंजिनं कुठली होती? आठवत नसेल तर आठवत नाही असं कळवा, पण तुमच्या हाताने.